रंध्याचं पातं फिरू लागलं तेव्हापासून

हातरंध्याचं पातं लावताना सुतार पाचर ठोकून ते घट्ट करतो, मग रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून धार तळातून किती बाहेर आली ते बघतो. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात सापडलेल्या रंध्यांतही पातं पाचरीनंच धरलेलं असे. रंध्याच्या मशीनवर पातं बदलताना कामं हीच दोन: घट्ट बसवणं आणि धार तळाशी जुळवणं. चूक झाली तर मात्र आता बोटं जातात.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९१ साली रंधायंत्राचं पेटंट घेतलं. त्यातलं पातं हातरंध्यासारखंच मागेपुढे सरकायचं. १८०२ साली जोसेफ ब्रामा यांनी पाती मोठ्या आडव्या चाकावर बसवली. आजच्या प्लेनरचा, म्हणजे रंधायंत्राचा, खरा पूर्वज त्यानंतरचा, १८२८ सालच्या अमेरिकी पेटंटातला. विल्यम वुडवर्थ यांनी पाती फिरत्या सिलिंडरवर लावली आणि लाकूड दाबून पुढे सरकवायला रोलर दिले. मुदतवाढ मिळत ते पेटंट १८५६ पर्यंत टिकलं.

ज्या मशीनवर लाकूड हातानं पुढे सरकवायचं, तिथे पुढे फार रक्त सांडलं. बऱ्याच मशिनांत पाती फिरत्या चौकोनी ठोकळ्यावर बोल्टनं आवळलेली असत. चौकोनाचे कोपरे फिरायला जागा हवी, म्हणून लाकूड टेकवायच्या पुढच्या-मागच्या दोन टेबलांमध्ये मोठी फट ठेवावी लागे. लाकूड उडालं की हात थेट त्या फटीत जाई आणि ठोकळा तो आत खेचून घेई. बोल्ट सैल राहिला तर पातंच सुटून बाहेर येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल ठोकळा आला. त्यानं फट अरुंद झाली आणि पात्याची जेमतेम धार बाहेर राहिली. या मशीनच्या इतिहासात कामगाराला सर्वांत जास्त वाचवलं ते या साध्या बदलानं, असं मला ठामपणे वाटतं. ब्रिटनच्या १९२२ च्या नियमांनी हातानं लाकूड सरकवायच्या प्लेनरवर गोल ठोकळा सक्तीचा केला. भारतात कारखाना कायद्याखालच्या नियमांतही तीच अट आली, आणि पात्यावर झाकण म्हणून गार्ड हवाच, हेही.

१९५८ मध्ये जपानच्या माकिता कंपनीनं हातात धरायचा इलेक्ट्रिक रंधा बाजारात आणला. आज फर्निचरच्या साइटवर सुतार दाराची कड मारतो ती अशाच मशीननं. ठोकळा लहान, पण मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे. म्हणूनच पातं बदलण्याआधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण मशीन उलटं धरताना बोट स्विचवर पडतं. दोन्ही पाती एकाच जोडीची लावायची. वजनात फरक राहिला तर मशीन थरथरतं आणि बोल्ट ढिले होत जातात. ठोकळ्याच्या खाचेतला भुसा झाडायचा, बोल्ट आळीपाळीनं थोडेथोडे आवळायचे.

मग मशीन उलटं ठेवून, सरळ लाकडी पट्टी पात्यामागच्या तळावर धरून ठोकळा हातानं, मशीनच्या फिरण्याच्या उलट दिशेनं हळूच फिरवायचा. धार पट्टीला नुसती घासून जायला हवी. पट्टी उचलली गेली तर पातं वर आलंय, आणि फळीच्या शेवटी खड्डा पडणार. धार टेकलीच नाही तर पातं खाली राहिलंय. दोन्ही टोकांना, दोन्ही पात्यांवर हे बघायचं. डोळा मिटून तळ बघण्याची सुताराची जुनी सवय इथे कामाला येते.