लिनक्स ड्रायव्हरमधील इंटरप्ट-हाताळणीचे नूतनीकरण

लिनक्स कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, जुन्या हार्डवेअर ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचा) इंटरप्ट सांभाळणारा भाग कर्नलच्या बदललेल्या पद्धतींनुसार पुन्हा लिहिण्याचे काम. नेटवर्क कार्डात पॅकेट आले किंवा टचस्क्रीनला बोट लागले की ते उपकरण प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा संकेत, पाठवते. प्रोसेसर हातातले काम थांबवून ड्रायव्हरने नोंदवलेले फंक्शन, म्हणजे हँडलर, चालवतो.

हँडलर चालू असताना त्या प्रोसेसरवरचे इतर इंटरप्ट बंद असतात. त्याला झोपण्याची, म्हणजे थांबून वाट पाहण्याची, मुभा नसते. त्यामुळे म्यूटेक्सची (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाची) वाट पाहता येत नाही, आयटूसीसारख्या संथ बसवरून (उपकरणे जोडणाऱ्या तारांवरून) उपकरणाचे रजिस्टर वाचता येत नाही. म्हणून तातडीचे तेवढे ‘टॉप हाफ’मध्ये उरकायचे आणि बाकीचे ‘बॉटम हाफ’वर सोपवायचे, अशी विभागणी आहे. सुरुवातीच्या व्यवस्थेत बॉटम हाफ फक्त ३२ असत आणि संपूर्ण यंत्रात एका वेळी त्यांतला एकच चाले. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांना हे परवडेना. २.४ आवृत्तीत (२००१) सॉफ्टआयआरक्यू व टास्कलेट हे बॉटम हाफचे नवे प्रकार आले, २.६ मध्ये (२००३) वर्कक्यू, म्हणजे नंतर करायच्या कामांची रांग.

त्याच २.६ पासून ‘हा इंटरप्ट माझा होता की नाही’ हे हँडलरने सांगणे बंधनकारक झाले. एकच इंटरप्ट लाइन अनेक उपकरणे वापरतात, तिथे हे उत्तर खरे असणे फार महत्त्वाचे. शेवटच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० कोणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश लिहून ती लाइन बंद करतो. त्या लाइनवरची निर्दोष उपकरणेही मग अडकतात.

काही बदल यांत्रिक असतात. २००६ मध्ये, २.६.१९ साठी, हँडलरला मिळणारा प्रोसेसरच्या रजिस्टरांचा पॉइंटर (पत्ता) काढला गेला आणि शेकडो ड्रायव्हरांतली फंक्शने एकदम बदलली. काही नुसतीच रेंगाळतात. २.६.३५ पासून (२०१०) सगळेच हँडलर इंटरप्ट बंद ठेवून चालू लागले, म्हणजे हँडलर इंटरप्ट बंद ठेवून चालवा असे सांगणारा ‘आयआरक्यूएफ-डिसेबल्ड’ हा फ्लॅग (खूण) निरर्थक झाला. पण तो कर्नलमधून पूर्ण गेला ४.१ मध्ये, २०१५ साली.

खरी कसोटी लागते ती थ्रेडेड इंटरप्टकडे जाताना. कर्नल विकसक थॉमस ग्लाइक्सनर यांनी कर्नलच्या रिअल-टाइम (ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्यासाठीच्या) शाखेतून आणलेली ही सोय २.६.३० मध्ये (२००९) मुख्य कर्नलमध्ये आली. हँडलरचे मुख्य काम स्वतंत्र थ्रेडमध्ये (कर्नल पाळीपाळीने चालवतो अशा कामाच्या धाग्यात) होते, त्यामुळे तिथे झोपता येते आणि आयटूसी उपकरणांचे ड्रायव्हर बरेच सोपे होतात. पण लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असेल, तर उपकरणाला शांत करेपर्यंत संकेत चालूच राहतो. थ्रेडची पाळी येण्याआधी लाइन पुन्हा उघडली, तर इंटरप्टचा भडिमार सुरू होतो आणि थ्रेडला पाळीच मिळत नाही. ‘आयआरक्यूएफ-वनशॉट’ फ्लॅग थ्रेडचे काम संपेपर्यंत लाइन झाकून ठेवतो. तो फ्लॅग लावण्याआधी लाइन इतर कोणाशी वाटून घेतलेली आहे का, हेही पाहावे लागते, कारण झाकली जाते ती सगळ्यांसाठी.

दुसरी जागा सहज नजरेतून सुटते. ‘डेव्हएम’ प्रकारच्या फंक्शनांनी नोंदवलेला इंटरप्ट ड्रायव्हर काढताना चालणारे त्याचे रिमूव्ह फंक्शन संपल्यावर आपोआप सुटतो. रिमूव्हने मेमरी आधीच मोकळी केली किंवा उपकरणाचे घड्याळ (ते चालवणारा क्लॉक संकेत) बंद केले आणि नेमका त्याच वेळी इंटरप्ट आला, तर हँडलर नाहीशा झालेल्या गोष्टींना हात घालतो. चार ओळी वाचवण्यासाठी केलेला बदल असा नवा दोष घेऊन येतो.

फ्रान्समधील इन्रिया संस्थेतून पुढे आलेले कॉक्सिनेल हे साधन अशा चुकांचे ठरावीक नमुने शोधते, काही ठिकाणी दुरुस्तीही सुचवते. उपकरण प्रत्यक्षात कसे वागते, हे मात्र त्याला कळत नाही. अनेक जुनी कार्डे आज चाचणीला मिळतही नाहीत. त्यामुळे पॅच (कोडमधला बदल) उपकरणावर न चालवता फक्त कंपाइल करून पाहिला असेल, तर तसे त्यात स्पष्ट लिहिणे हा प्रामाणिकपणा या कामात अत्यावश्यक आहे.

६.१२ मध्ये (२०२४) रिअल-टाइम शाखेचा गाभा मुख्य कर्नलमध्ये सामील झाला. त्या पर्यायात बहुतेक हँडलर सक्तीने थ्रेडमध्ये चालतात आणि साध्या स्पिनलॉकची (एरवी न झोपता, गोल फिरत वाट पाहण्याच्या कुलपाची) वाट पाहतानाही झोप लागू शकते, म्हणून जुन्या गृहीतकांवर लिहिलेले लॉकिंग पुन्हा तपासावे लागते. टास्कलेटही आता मागे पडत आहेत. त्यांच्या जागी ६.९ पासून बॉटम हाफच्याच संदर्भात चालणारे वर्कक्यू उपलब्ध आहेत, आणि एकेका ड्रायव्हरमधले टास्कलेट तिकडे नेण्याचे काम सुरू झाले आहे.