श्रवणदोष व श्रवणयंत्र : बालकांना करून द्यावयाची ओळख

श्रवणदोष असलेल्या मुलाला आपल्याला काय ऐकू येते, काय येत नाही आणि कानावरचे यंत्र नेमके काय करते, हे त्याच्या वयाला झेपेल अशा रीतीने समजावून देण्याची पद्धत. तिची गणना सहसा वाचाशिक्षणात होते. हेतू मात्र वेगळा, म्हणजे मुलाने आपल्या कानाविषयी इतरांना स्वतः सांगावे हा असतो.

उगमाविषयी एकमत नाही. एक मत तो दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी रुग्णालयांत पाहते. त्यांपैकी डेशॉन रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ रेमंड कारहार्ट यांनी ऐकू कमी येऊ लागलेल्या सैनिकांना यंत्र निवडून देण्याची व वापरायला शिकवण्याची पद्धत बसवली. परंतु हे सैनिक प्रौढ होते आणि पूर्वीचे ऐकणे त्यांच्या स्मरणात होते. जन्मापासून कमी ऐकणाऱ्या मुलाला आपण काही गमावले ही जाणीवच नसते, त्यामुळे हे साम्य वरवरचे ठरते. दुसरे मत बधिर मुलाची आई असलेल्या लुईस ट्रेसी यांनी १९४२ मध्ये लॉस अँजेलिस येथे काढलेल्या जॉन ट्रेसी क्लिनिककडे बोट दाखवते. घर हेच शिकण्याचे ठिकाण, हा तेथील पत्रद्वारा अभ्यासक्रमाचा पाया पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात तेथेही मुख्य विद्यार्थी पालकच. बधिर समाजाच्या चळवळीला श्रेय देणारे तिसरे मत आहे. या चळवळीचा विरोध होता तो बधिरांच्या शिक्षकांच्या मिलान परिषदेतील १८८० च्या, सांकेतिक भाषेऐवजी मौखिक शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या ठरावांना; ते २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे अधिकृतपणे नाकारले गेले. मुलाचे स्वतःविषयीचे आकलन हा शिक्षणाचा विषय मधल्या काळात, बहुधा १९७० नंतर, ठरू लागला असावा.

शिकवण्याचे मुख्य साधन श्रवणालेख, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. त्यात २५० ते ८,००० हर्ट्‌झ वारंवारता (आवाजाचा उंच-नीचपणा) आडवी, तर डेसिबल (आवाजाचा मोठेपणा) उभे मांडतात. उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज त्या कानाला लागतो. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के असल्याने घरोघरी ही गल्लत होते आणि मूलही ‘मला साठ टक्के ऐकू येत नाही’ असे सांगू लागते. वर्गीकरणेही जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सौम्य दोष २० डेसिबलपासून धरते, पूर्वी तो २६ पासून धरत असे; भारताच्या २०१६ च्या कायद्यात मात्र दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असल्यास ‘ऐकू कमी येणे’ आणि त्याहून जास्त असल्यास ‘बधिर’ असे धरतात. म्हणून मुलाला वर्गवारी पाठ करवण्यापेक्षा प्रत्यक्ष ध्वनींकडे नेणे सोयीचे. डॅनियल लिंग यांची म, ऊ, आ, ई, श, स ही सहा ध्वनींची चाचणी रोज सकाळी, ओठ दिसू न देता, घेता येते. मराठीत यांपैकी ‘स’ला व्याकरणाचे वजन आहे : उच्च वारंवारतेचा, म्हणजे ‘स’सारखे तीक्ष्ण ध्वनी ऐकण्याचा, दोष असल्यास ‘जातो’ आणि ‘जातोस’ यांतील फरक निसटतो, आणि प्रश्न आपल्याला विचारला आहे हेच मुलाला कळत नाही.

यंत्राची निगा त्यामानाने लवकर अंगवळणी पडते. झिंक-हवा सेलवरची पट्टी काढली की हवा आत जाऊन तो चालू होतो, आणि पट्टी परत चिकटवून काही उपयोग होत नाही. कान वाढतो तसा साचा (कानात बसणारा यंत्राचा भाग) सैल होऊन यंत्र शिट्टी मारते, तेव्हा नवा साचा घ्यावा लागतो. पुण्यात पावसाळी दमटपणासाठी सिलिका जेलची डबी वापरतात. रंगपंचमीला यंत्र काढून ठेवतात. विसर्जन मिरवणुकीतील ढोल-ताशांचे तसे नाही. उरलेल्या श्रवणशक्तीलाही मोठा आवाज बाधतो, तेव्हा नुसते यंत्र काढणे पुरत नाही. लांब जायचे हे मुलालाच ठाऊक असावे लागते.

पुण्यात व्ही. आर. रुईया मूकबधिर विद्यालय ही या क्षेत्रातील शाळा असून धनकवडी येथील भारती विद्यापीठात श्रवण व वाचा-भाषा विज्ञानाचे शिक्षण मिळते. यंत्रासाठी केंद्र सरकारची, दिव्यांगांना साधने मिळवून देणारी एडिप योजना (१९८१) आहे, तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची श्रवणतपासणी अंतर्भूत आहे.