गरम चहा, गार बाटली आणि कॅफिन: एका वादाची पार्श्वभूमी

एप्रिल-मे लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर तेव्हा दोन गोष्टी शेजारी-शेजारी खपतात: किटलीतला वाफाळता चहा आणि बर्फाच्या पेटीतली एनर्जी ड्रिंकची बाटली. बाप चहा घेतो, पोरगा बाटली उघडतो. गार बाटली ‘लगेच चढते’ असं पोरं सांगतात, आणि उन्हावर चहाच उतारा असं म्हातारी माणसं. तरतरी आणणारं कॅफिन हे द्रव्य दोन्हीकडे आहे. मग त्याचा परिणाम पेयाच्या तापमानावर बदलतो का? हे उलगडायला बराच काळ जावा लागला, कारण कॅफिनचं काम कोणतं आणि उष्णतेचं कोणतं, हे वेगळं काढणंच अवघड होतं.

कॅफिन पहिल्यांदा सुटं झालं १८१९ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याला महाकवी गटे यांनी कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. १८२७ मध्ये चहातूनही तसाच पदार्थ निघाला, त्याला ‘थेइन’ म्हटलं गेलं. पुढच्या दशकात कळलं की दोन्ही एकच.

इकडे १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता जबलपूरमार्गे रुळांनी जोडली गेली. भुसावळ त्याच वाटेवरचं जंक्शन. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे देशातच गिऱ्हाईक तयार करण्याची मोहीम चालली. रेल्वे स्थानकं तिची हक्काची जागा होती. प्रचारकांना हवा होता नुसत्या गरम पाण्यात मुरवलेला चहा. आपल्या लोकांनी पत्ती, दूध, साखर एकत्र उकळून त्याचा स्वतःचा प्रकार केला, आणि तोच टिकला.

तापमानाचा खरा पराक्रम दिसतो तो इथे, पातेल्यात. २५ अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम कॅफिन विरघळतं, उकळत्या पाण्यात ६५ ग्रॅमच्या वर. कपात उतरणारं कॅफिन मात्र मिलिग्रॅममध्ये मोजायचं, म्हणजे ते गार पाण्यातही सहज मावतं. फरक पडतो वेगाचा. गार पाण्यात कॉफी भिजत ठेवली तर कॅफिन बाहेर यायला काही तास लागतात. उकळीला, त्यातही आपल्या बारीक दाणेदार सीटीसी पत्तीतून, बहुतेक कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच उतरतं. तीच पत्ती दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा उकळली की रंग गडद होतो, जीभ तुरट होते, पण तरतरी त्या प्रमाणात वाढत नाही. ‘कडक’ लागणारा चहा कॅफिननेही कडक असेलच असं नाही.

गार कॅफिनचा बाजार उभा राहिला अमेरिकेत. कोका-कोला १८८६ चा. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात भारतीय चहाच्या प्रचारासाठी गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी उकाड्याने हैराण झालेल्या लोकांना बर्फ घातलेला चहा पाजला, अशी गोष्ट सांगतात. गार चहाची कृती त्याआधीच्या अमेरिकी पाकपुस्तकांत सापडते, पण तो लोकप्रिय होण्यात या प्रदर्शनाचा वाटा मोठा. १९११ मध्ये कोका-कोलातल्या कॅफिनवरून खटला उभा राहिला, तेव्हा हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १६ जणांवर अतिशय काटेकोर प्रयोग केले. बऱ्याच चाचण्यांत कॅफिन कॅप्सूलमधून दिलं होतं. गरम की गार हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नव्हता.

तो पुढे आला पोटाच्या अभ्यासातून. १९८८ मध्ये माणसांना ४, ३७ आणि ५० अंशांचं पेय देऊन पाहिलं गेलं. गार पेय सुरुवातीला जठरातून जरा हळूच पुढे सरकलं, आणि २० ते ३० मिनिटांत जठरातलं तापमान पुन्हा शरीराइतकं झालं. कॅफिन रक्तात शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यातून. म्हणजे बर्फाच्या पेटीतली बाटली असो वा किटलीतला चहा, कॅफिन तिथे पोहोचेपर्यंत तापमानाचा फरक बराचसा मिटलेला असतो.

मग पहिल्या दोन घोटांत येणारी हुशारी कुठून येते? रक्तातलं कॅफिन शिगेला पोहोचायला साधारण अर्धा ते दोन तास लागतात. मेंदूत थकव्याचा निरोप देणारं अ‍ॅडेनोसिन ज्या जागी चिकटतं त्या जागा कॅफिन अडवतं, आणि त्यासाठी आधी तिथे पोहोचावं लागतं. त्याआधीची तरतरी उष्णतेची, साखरेची, वासाची, सवयीची आणि दोन मिनिटं बसायला मिळाल्याची असते. १९९७ मधल्या एका अभ्यासात चहा-कॉफीच्या जोडीला नुसतं गरम पाणीही दिलं गेलं, ते कॅफिनचा वाटा वेगळा काढण्यासाठीच. मला ही युक्ती फार आवडते.

उन्हातल्या चहाबद्दल म्हाताऱ्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. २०१२ मध्ये कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात सायकल चालवणाऱ्यांना १.५ ते ५० अंशांपर्यंतचं पाणी पाजलं. ५० अंशांचं पाणी प्यायलेल्यांच्या शरीरात उष्णता कमी साठली, कारण घाम जास्त आला. अट एकच: घाम पूर्ण वाळला पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत सावलीत, सैल सुती कपड्यांत तो वाळतो. जुलैच्या दमट हवेत किंवा घामाने निथळताना हा हिशेब लागू पडत नाही. आणि हे श्रेय गरम पाण्याचं आहे, कॅफिनचं नव्हे. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या माणसाला आधी पाणी हवं, चहा नंतर.

थेट तुलना झाली २०१६ मध्ये. एनर्जी ड्रिंक गार असतं, घटाघटा प्यायलं जातं, म्हणून त्यातलं कॅफिन जास्त धोक्याचं, अशी तेव्हा चर्चा होती. अमेरिकेतल्या संशोधकांनी २४ तरुणांना १६० मिलिग्रॅम कॅफिन वेगवेगळ्या वेळी दिलं: गरम कॉफी सावकाश, गार कॉफी सावकाश आणि भरभर, गार एनर्जी ड्रिंकही दोन्ही प्रकारे. रक्तातल्या कॅफिनच्या आलेखात फार थोडा फरक पडला. मात्रा सारखी ठेवली की गरम-गार हा भेद जवळपास उरत नाही.

फक्त मात्रा सारखी राहत नाही, आणि काळजी आहे ती इथेच. चटका बसणारा चहा फुंकून, बशीत ओतून प्यावा लागतो. हे चांगलंच, कारण ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला ‘बहुधा कारणीभूत’ असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. गार पेयाला अशी अडकाठी नाही. गारव्यात जिभेला गोडवा कमी जाणवतो, म्हणून साखर भरपूर घालता येते, आणि एकामागून एक बाटल्या रिकाम्या होतात. भारतीय नियमांनुसार कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक नको आणि मुलांना, गरोदर बायांना देऊ नये, हे बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. टपरीवर दहावीतला पोरगा दुसरी बाटली मागतो तेव्हा ती अक्षरं त्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवीत.