कूलरची घरघर आणि खंजिरीची थाप

मे महिन्यात नागपुरात ज्याने दुपार काढली आहे, त्याला ध्वनिसंपीडनाचे, म्हणजे आवाजाची फाइल लहान करण्याचे, पहिले तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. खिडकीतला कूलर पूर्ण वेगात सुरू असला, की पलीकडच्या खोलीतले बोलणे ऐकू येत नाही, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तर नसल्यातच जमा होते. कुकरची शिट्टी मात्र स्पष्ट ऐकू येते. घड्याळ बंद पडलेले नसते. त्याच्या ध्वनिलहरी कानापर्यंत पोहोचतही असतात, पण कूलरच्या घरघरीखाली त्या झाकल्या जातात. याला आच्छादन म्हणतात, आणि एमपी३, एएसी, ओपस या आवाज थोडक्यात साठवण्याच्या सगळ्या पद्धतींचा डोलारा आपल्या कानाच्या याच उणिवेवर उभा आहे.

हा डोलारा का लागतो, ते आकड्यांवरून कळते. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे (डाव्या-उजव्या बाजूचे) ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापे, असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो. दोन वाहिन्या धरल्या तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हेच ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८ किलोबिटमध्ये बसवायचे म्हटले, तर १६ बिटांच्या जागी प्रत्येक नमुन्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा बिट येतो.

‘जे ऐकू येत नाही ते काढून टाकतात’ असे याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. एएसीचा एन्कोडर, म्हणजे फाइल लहान करणारा प्रोग्राम, आवाजाचे छोटे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची १,०२४ वारंवारतांमध्ये फोड करतो आणि त्या प्रत्येकीचा आकडा ठोकळमानाने लिहितो. ठोकळमान जितके ढोबळ, तितके बिट कमी लागतात. पण त्यातून होणारी चूक ऐकताना खरखर म्हणून परत येते. ही खरखर टाळता येत नाही, फक्त ती कुठे ठेवायची हे ठरवता येते. कान ध्वनीचा पट सुमारे २४ पट्ट्यांत विभागून ऐकतो आणि ज्या पट्ट्यात जोरदार स्वर असतो, तिथे व त्याच्या वरच्या बाजूला बरीच खरखर खपून जाते. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला थोडेच बिट वापरून, दर्जा राखणे म्हणजे मुख्यतः ही लपवालपवी नीट साधणे होय.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी खंजिरी भजनाची बैठक होती. चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर केले. काटोलकडच्या नातेवाइकांकडे रेंज बेताची असल्यामुळे फाइल लहान हवी होती, म्हणून ४८ किलोबिटची एएसी केली. ती ऐकली तेव्हा गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता आणि खंजिरीच्या पितळी चकत्यांची छुमछुम बुळबुळीत झाली होती. आधी मी एन्कोडरला बोल लावला, पण खोट माझ्याच तयारीत होती: बैठकीत कूलर सुरू होता. ऐकताना जो कूलर बारीकसारीक आवाज झाकतो, तोच ध्वनिमुद्रणात शिरला की एन्कोडरच्या मुळावर येतो. गाण्यात पुनरावृत्ती असते, सूर काही काळ टिकतात, म्हणून ते थोडक्यात लिहिता येतात. कूलरच्या घरघरीत असा कोणताच पुढचा-मागचा धागा नसतो आणि अशी गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. मोबाइलच्या दोन मायक्रोफोनांत ती घरघर वेगवेगळी उतरली असल्यामुळे दोन वाहिन्यांमधले साम्यही एन्कोडरच्या कामी आले नाही. बिटांचा मोठा हिस्सा कूलरनेच खाल्ला.

पुढच्या बैठकीत यजमानांना विनवून कूलर बंद ठेवला आणि एकाच वाहिनीत ध्वनिमुद्रण केले. मंडळी घामाघूम झाली, पण आवाज स्वच्छ आला. तेव्हा दुसरी अडचण उघडी पडली, कारण खंजिरी हे वाद्यच एन्कोडरची परीक्षा पाहणारे आहे. संगणकावर एका थापेचा आलेख मोठा करून पाहिला, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणात थापेआधी जवळपास सपाट रेघ होती आणि मग एकदम उभा सुळका. एका जुन्या एन्कोडरमधून काढलेल्या फाइलीत मात्र त्या सपाट रेघेवर बारीक केसाळ खरखर उगवली होती. ऐकताना थापेआधी क्षणभर ‘फ्स्स’ असे काहीसे येई आणि थापेची धार बोथट होई. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. एएसीच्या लांब तुकड्याची खिडकी, म्हणजे एकदम हाताळला जाणारा आवाजाचा भाग, २,०४८ नमुन्यांची, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंदांची असते, आणि ठोकळमानाची चूक त्या संपूर्ण खिडकीवर पसरते. मोठ्या आवाजानंतरची खरखर कान शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत चालवून घेतो. आवाजाआधीची मात्र काही मोजकेच मिलिसेकंद.

यावर चांगला एन्कोडर थाप येते आहे हे आधीच ओळखून लांब तुकड्याऐवजी आठ आखूड तुकडे वापरतो. त्यांची खिडकी ६ मिलिसेकंदांहून कमी असते, त्यामुळे चूक थापेला चिकटून राहते आणि तिच्याखाली झाकली जाते. मात्र आखूड तुकड्यांत सूर लिहिणे महागात पडते. म्हणून शांत जागी वाचवलेले बिट गाठीशी ठेवून ते थापेच्या क्षणी खर्चण्याची सोयही केलेली असते. पेटीचा लांबलेला सूर आणि खंजिरीची थाप एकाच वेळी आली, की एन्कोडरपुढे खरोखरच पेच पडतो. दोन एन्कोडर एकाच बिटरेटवर इतके वेगळे का ऐकू येतात, याचे उत्तर माझ्या मते बहुतांशी इथे आहे. फाइल कशी वाचायची एवढेच प्रमाणक, म्हणजे एएसीचा ठरलेला नियमसंच, ठरवून देते. बिट कुठे खर्चायचे, ते एन्कोडर लिहिणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले असते.

वरच्या वारंवारतांचा मोह हा आणखी एक खर्च आहे. बिट पुरत नसताना २० किलोहर्ट्झपर्यंत सगळे राखायचा हट्ट धरला, तर वरचे पट्टे एका तुकड्यात उमटतात आणि पुढच्यात गायब होतात; बुळबुळीत छुमछुम होते ती अशी. त्यापेक्षा वरचा भाग सरळ कापलेला बरा, कारण किंचित मंद पण स्थिर आवाज कान लवकर स्वीकारतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एचई-एएसीने यातून वेगळी वाट काढली. तिच्यात पटाचा खालचा भागच रीतसर लिहितात, वरचा भाग खालच्याची नक्कल करून रचतात आणि तो किती जोरात वाजवायचा एवढीच सूचना सोबत धाडतात. हा रफूच आहे, पण चांगला रफू लांबून दिसत नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी स्वीकारलेल्या डीआरएम या डिजिटल रेडिओ पद्धतीच्या प्रसारणातही हीच युक्ती वापरतात.

व्हॉइस मेसेजमध्ये हेच भजन आणखी बिघडते, त्याचे कारण निराळे आहे. फोनचे कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याच्या व परत उलगडण्याच्या पद्धती, मानवी वाणीची रचना गृहीत धरतात, म्हणजे कंठातून निघणारा स्वर आणि त्याला आकार देणारी मुखपोकळी. म्हणून जुन्या जीएसएम फोनला १३ किलोबिटमध्ये बोलणे नेता येत असे. पेटीला मुखपोकळी नसते. त्यात बरेच फोन एकसारखा टिकणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात, आणि तंबोऱ्याचा नेमका तोच गुण आहे. २०१२ चा ओपस वाणीची आणि संगीताची अशा दोन पद्धती पोटात बाळगतो व गरजेप्रमाणे बदलतो, पण फोनने आधीच दाबलेला तंबोरा त्यालाही परत आणता येत नाही.

दुसऱ्या बैठकीची चाळीस मिनिटे ४८ किलोबिटमध्ये १४.४ एमबीची झाली. काटोलहून निरोप आला की याहूनही लहान हवी. हाताशी असलेल्या फाइलीवरूनच २४ किलोबिटची केली, तर पहिल्या एन्कोडरने झाकून ठेवलेली खरखर दुसऱ्याच्या लेखी गाण्याचाच भाग ठरली आणि तिच्यावरही बिट खर्ची पडले. मग २१२ एमबीच्या मूळ, न आकसलेल्या वेव्ह फाइलीवरून नव्याने २४ किलोबिटची केली. दोन्हींचा आकार सारखाच ७.२ एमबी होता, पण दुसरीत खंजिरी खंजिरीसारखी वाजत होती.