डीव्हीडी रायटरला यूएसबी ३.० लागतेच का? एक खुलासा

‘लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर यूएसबी ३.० चाच घ्या, २.० वर डिस्क निम्म्या वेगाने लिहिली जाते,’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. सोलापुरात नवी पेठेत खरेदीला निघालेले, लग्नाचे चित्रीकरण डिस्कवर जपू पाहणारे लोकही त्यामुळे संभ्रमात पडतात, आणि नवे ते वेगवान असे वाटणे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात वेग ठरतो तो डिस्क आणि रायटर यांवरून. डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३९ एमबी, त्यामुळे अशा बारीक रायटरचा नेहमीचा ८ एक्स वेग जेमतेम ११ एमबी होतो, तर यूएसबी २.० व्यवहारात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास माहिती सहज वाहून नेते. ब्लू-रेचा (डीव्हीडीहून जास्त माहिती मावणाऱ्या डिस्कचा) ६ एक्स वेग मात्र २७ एमबीपर्यंत जातो, तिथे ३.० घेणेच शहाणपणाचे.

या समजाला एक खरा धागा आहे, तो विजेचा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेल्या मानकानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. वीज अपुरी पडली की रायटर टक्‌टक् करतो, डिस्क फिरू लागते आणि थांबते. अशा वेळी हब (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडायचे साधन) काढून रायटर थेट लॅपटॉपला जोडावा, किंवा दोन पोर्टमधून वीज घेणारी केबल वापरावी.

खात्री करायची असल्यास एकाच रायटरवर, एकाच कंपनीच्या दोन कोऱ्या डिस्कवर तीच फाइल दोन्ही पोर्टमधून लिहून घड्याळ लावून पाहावे.