जॉर्जियात कंपनी काढायची? आधी धंदा ठरवा, मग अर्ज भरा

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मत्क्वारी नदीच्या काठी पांढऱ्या अळंब्यांसारख्या छपरांची एक मोठी इमारत आहे. तिथले लोक तिला 'युस्तित्सीइस साखली', म्हणजे न्यायगृह म्हणतात. पासपोर्टपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळी सरकारी कामं एका छताखाली होतात आणि कंपनीची नोंदणीही तिथेच होते. कागद नीट असतील तर एका कामाच्या दिवसात, आणि जास्त शुल्क भरलं तर त्याच दिवशी. किमान भांडवलाची अट नाही, स्थानिक भागीदाराची सक्ती नाही. एकटा परदेशी माणूस मालकही होऊ शकतो आणि संचालकही.

आपल्याकडच्या अनेकांचं पाऊल चुकतं ते याच सोपेपणामुळे. कंपनी आधी निघते, धंदा नंतर ठरतो. मग कळतं की ठरवलेल्या धंद्याला लागणारी जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, किंवा ज्या करसवलतीसाठी एवढी धडपड केली ती कंपनीला नसून व्यक्तीला आहे. म्हणून या लेखात अर्जाआधी पात्रता घेतली आहे.

कोणत्या क्षेत्रात काय चालतं

जॉर्जिया म्हणजे कॉकेशस पर्वत आणि काळा समुद्र यांच्यामधला, चाळीस लाखांहून कमी लोकवस्तीचा देश. घरची बाजारपेठ एवढीशी असल्याने तिथला धंदा बहुतेक बाहेर पाहून करावा लागतो. त्यासाठी वाटा मात्र खुल्या आहेत. युरोपीय संघाशी मुक्त व्यापार करार पूर्णपणे लागू आहे तो २०१६ पासून, चीनशी २०१८ पासून. पोती आणि बातुमी या बंदरांतून मध्य आशियाकडे माल जातो.

पहिला मोह शेतीचा. पूर्वेला काखेतीच्या खोऱ्यात साफेरावी आणि रकात्सितेली द्राक्षांचे मळे, पश्चिमेला हेझलनटच्या बागा. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराचं मन तिथे रमणारच. २०१२ च्या सुमारास पंजाबातले बरेच शेतकरी तिथे जाऊन स्वस्त जमिनी घेऊ लागले. स्थानिक शेतकऱ्यांत अस्वस्थता पसरली आणि २०१३ मध्ये सरकारने परदेशी नागरिकांना शेतजमीन विकण्यावर स्थगिती आणली. पुढच्या वर्षी घटना न्यायालयाने ती रद्द केली. पण २०१८ च्या घटनादुरुस्तीने प्रश्न कायमचा मिटवला: शेतजमिनीची मालकी राज्याची, स्थानिक स्वराज्य संस्थांची, जॉर्जियन नागरिकांची किंवा त्यांच्या संघटनांची. अपवाद मोजके आहेत. वारसाहक्क हा एक, आणि सरकारने गुंतवणुकीचा आराखडा मंजूर केला तर दुसरा. तुमच्या नावावर सगळे शेअर असलेली कंपनी काढली म्हणून ती जॉर्जियन ठरत नाही. एखादा दलाल "कंपनीच्या नावावर घेऊ" म्हणाला, तर तिथूनच माघारी फिरा. जमीन भाडेपट्ट्याने घेणं किंवा प्रक्रिया उद्योगात उतरणं, हे मार्ग मात्र खुले आहेत. माझ्या मते वाइन, सुकामेवा आणि फळप्रक्रियेत खरी संधी जमीन विकत घेण्यात नाहीच. ती वर्गवारी, पॅकिंग आणि निर्यातीत आहे. द्राक्ष निर्यातीची शिस्त अंगी मुरलेल्या आपल्या माणसांना हे काम नवं नाही.

वीज हा मोठ्या खेळाडूंचा प्रांत. तिथली बहुतांश वीज पाण्यावर तयार होते. मुंबईतल्या टाटा पॉवरने भागीदारांसह अजारा प्रांतात शुआखेवी जलविद्युत प्रकल्प उभा केला. २०१७ मध्ये सुरू झाल्यावर थोड्याच काळात बोगद्यात पडझड झाली, प्रकल्प थांबला आणि दुरुस्तीनंतर २०२० मध्ये पुन्हा चालू झाला. रिओनी नदीवरच्या नामाखवानी धरणाला खोऱ्यातल्या लोकांनी महिनोन् महिने विरोध केला आणि २०२१ मध्ये ते बांधणारी तुर्की कंपनी प्रकल्पातून बाहेर पडली. मंत्रालयाचा करार हातात असला तरी गावाची संमती वेगळी मिळवावी लागते. धरणांच्या बाबतीत हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पर्यटनात बातुमीचा समुद्र, गुदाउरी आणि बाकुरियानीचा बर्फ. बिगरशेती जमीन, दुकान, फ्लॅट किंवा हॉटेल परदेशी व्यक्ती सरळ विकत घेऊ शकते. मात्र कोणत्याही व्यवहाराआधी सार्वजनिक नोंदणी संस्थेचा उतारा काढून जमिनीचा वर्ग पाहा. शहराला लागून असलेला, घर बांधण्याजोगा दिसणारा तुकडाही कागदावर शेती असू शकतो.

आयटी सेवांसाठी दोन खास दर्जे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेली भारतीय मुलं हजारोंनी आहेत, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. त्यामुळे मेस, वसतिगृह, किराणा असे छोटे धंदे आपोआप सुचतात. खाद्यपदार्थांच्या धंद्याला कंपनी नोंदणीखेरीज खाद्य व्यवसाय म्हणून वेगळी नोंद लागते आणि तपासणी राष्ट्रीय अन्न संस्था करते.

अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया इथल्या जमिनी किंवा हॉटेलांच्या जाहिराती दिसल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. जॉर्जियाच्या कायद्यानुसार हे रशियाने व्यापलेले प्रदेश आहेत आणि तिथे परवानगीशिवाय व्यवहार करणं गुन्हा ठरू शकतो.

आधी भारतातली बाजू

पैसा इथून कायदेशीर वाटेने गेला नाही, तर तिथली कंपनी कितीही चोख असली तरी उपयोग नाही. निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. व्यक्तीसाठी त्यांतल्या मुख्य अटी अशा: कंपनी प्रत्यक्ष व्यवसाय करणारी हवी, वित्तीय सेवा देणारी नको, आणि तिचं नियंत्रण तुमच्याकडे असेल तर तिला पुढे उपकंपनी नको. जागांची खरेदी-विक्री हाच धंदा असलेल्या कंपनीत गुंतवणूक चालत नाही. स्वतःसाठी फ्लॅट घेणं वेगळं आणि फ्लॅटच्या उलाढालीसाठी कंपनी काढणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात. भारतीय कंपनी गुंतवणूक करत असेल, तर स्वयंचलित मार्गाने तिच्या निव्वळ मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत फॉर्म एफसी भरायचा. त्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळतो, आणि तो मिळाल्याशिवाय भांडवल पाठवता येत नाही. तालुक्याच्या शाखेत हे काम होईलच असं नाही. म्हणून तिबिलिसीचं तिकीट काढण्याआधी बँकेच्या परकीय चलन विभागाशी आणि आपल्या सीएशी एक बैठक करा. "आत्ता मित्राला दुबईतून भरू दे, नंतर बघू" हा मार्ग धरू नका. पुढे तो निस्तरताना वकिलाची फीच भांडवलापेक्षा जड होते.

वर्षात १० लाख रुपयांहून जास्त पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो आयकर विवरणात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकून राहतो. अंदाजपत्रकात तो धरायला हवा. आखातात किंवा अन्यत्र राहणाऱ्या अनिवासी मराठी मंडळींना, पैसा त्यांच्या तिथल्या कमाईचा असेल तर, २,५०,००० डॉलरची मर्यादा लागू नाही.

कागदपत्रं आणि नोंदणी

सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचा. जॉर्जियनमध्ये तिच्या नावाआधी 'शपस' अशी तीन अक्षरं लागतात. लागणारे कागद थोडे आहेत:

- संस्थापक आणि संचालकाचा पासपोर्ट आणि त्याचं जॉर्जियन भाषेतलं नोटरीकृत भाषांतर
- कंपनीची नियमावली. साध्या रचनेसाठी तयार नमुना मिळतो
- जॉर्जियातला कायदेशीर पत्ता आणि त्या जागेच्या मालकाची संमती
- संचालकाचं नाव, त्याचे अधिकार, भागीदारांचे हिस्से
- शुल्क भरल्याची पावती

पत्त्याचा कागद सर्वांत जास्त अडतो. पाहुणा म्हणून राहिलेल्या फ्लॅटचा पत्ता मालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही, आणि संमती देणारा खरोखर मालक आहे का हे नोंदणीच्या उताऱ्यावरूनच पाहिलं जातं.

स्वतः जाणं शक्य नसेल तर मुखत्यारपत्र चालतं. ते भारतात नोटरी करून, राज्य पातळीवर प्रमाणित करून, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्यायचा आणि मग जॉर्जियनमध्ये भाषांतर करून घ्यायचं. मुखत्यारपत्रात "सर्व अधिकार" असं मोघम लिहू नका. नोंदणी, कर खात्याचं लॉगिन, बँकेतली कागदपत्रं अशी कामं एकेक नोंदवा, मुदत घाला, आणि खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार त्यात चुकूनही नको. स्वतः गेलात तरी जॉर्जियन मजकुरावर दुभाष्याशिवाय सही करू नका.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अमेरिका, शेंगेन देश, ब्रिटन किंवा आखाती देशांचा व्हिसा वा निवास परवाना असलेल्यांना १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत आहे. आपला परवाना तिच्या अटींत बसतो का, ते तिकिटाआधी तपासा. विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याची सोय, विमा, बँक स्टेटमेंट आणि ज्यांना भेटायचं त्यांचं पत्र, हे सगळं छापील हाताशी ठेवा.

नोंदणी झाली की उतारा मिळतो. तो जॉर्जियनबरोबर इंग्रजीतही मागून घ्या, कारण भारतातल्या बँकेला तोच दाखवायचा असतो. त्यावरचा नऊ अंकी ओळख क्रमांक हाच कर क्रमांक. त्यानंतर महसूल सेवेच्या संकेतस्थळावर लॉगिन उघडायचं. पुढची बहुतेक सगळी करविवरणं तिथूनच जातात.

बँक खातं

इथे मात्र दिवस लागतात. नव्या, अनिवासी मालकाच्या कंपनीचं खातं उघडताना तिथल्या बँका बारकाईने विचारतात: पैसा कुठून आला, ग्राहक कोण, जॉर्जियाच का? तीन वर्षांची आयकर विवरणं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन पानी व्यवसाय आराखडा आणि शक्य असेल तर एखादा करार किंवा खरेदीची मागणी बरोबर न्या. नकार मिळाला तर कारण सांगतीलच असं नाही. म्हणून खात्याची खात्री होईपर्यंत दुकानाची अनामत भरू नये, हा माझा आग्रह आहे.

कर आणि सवलतींचे दर्जे

नफा कंपनीतच ठेवून पुन्हा गुंतवला तर नफ्यावर कर नाही. वाटपाच्या वेळी १५ टक्के, आणि लाभांशावर आणखी ५ टक्के. ही पद्धत २०१७ पासून आहे. म्हणजे १०० लारी (तिथलं चलन) नफा पूर्ण वाटला तर ८५ उरतात, त्यावर ४.२५ जातात आणि हातात ८०.७५ येतात. पगारावरचा आयकर २० टक्के, व्हॅट १८ टक्के. सलग बारा महिन्यांत करपात्र उलाढाल १ लाख लारीच्या वर गेली की व्हॅट नोंदणी सक्तीची.

उलाढालीवर फक्त १ टक्का कराचा जो दर्जा समाजमाध्यमांवर गाजतो, तो वैयक्तिक उद्योजकाला मिळतो, कंपनीला नाही. मर्यादा वर्षाला ५ लाख लारी, आणि सल्लागारीसारखी काही कामं त्यातून वगळलेली आहेत.

परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीला 'व्हर्च्युअल झोन' दर्जा मागता येतो. त्या उत्पन्नावरचा नफाकर माफ होतो. 'आंतरराष्ट्रीय कंपनी' हा दर्जा आयटी आणि सागरी सेवांसाठी. त्यात नफ्यावर ५ टक्के, पगारावर ५ टक्के, लाभांशावर काही नाही, पण त्या क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तिथे खरोखर माणसं बसवून काम करणार असाल तर मला हा दुसरा दर्जा जास्त भरवशाचा वाटतो. कारखान्यासाठी पोती, कुताइसी आणि तिबिलिसी इथे मुक्त औद्योगिक क्षेत्रं आहेत. तिथला परवाना त्या क्षेत्राच्या चालकाकडून घ्यायचा. माल निर्यात करणाऱ्याला ती फायद्याची. जॉर्जियातच विकणाऱ्याला विक्रीवर ४ टक्के द्यावे लागतात. कोणतं क्षेत्र आपल्याला जुळेल, याची प्राथमिक माहिती 'एंटरप्राइज जॉर्जिया' ही सरकारी संस्था गुंतवणूकदारांना देते. दलालाकडे जाण्याआधी तिच्याकडे एक पत्र पाठवा.

राहणं आणि काम करणं

कंपनीची मालकी म्हणजे निवासाचा हक्क नव्हे. १ मार्च २०२६ पासून परदेशी व्यक्तीला, स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही, काम करण्याचा स्वतंत्र परवाना लागतो. "वर्षभर राहा आणि १ टक्का भरा" असं सांगणारे जुने व्हिडिओ त्यामुळे कालबाह्य झाले आहेत. गुंतवणुकीच्या आधारावरच्या निवास परवान्यासाठी किमान ३ लाख डॉलरची गुंतवणूक दाखवावी लागते.

नोंदणीनंतरच्या तारखा

जॉर्जियात मासिक विवरण पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जातं. भारतात रक्कम पाठवल्यापासून सहा महिन्यांत गुंतवणुकीचा पुरावा बँकेला द्यायचा. तिबिलिसीहून आणलेला तो इंग्रजी उतारा इथे कामी येतो. कंपनीत १० टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल. आयकर विवरणाच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात कंपनीचे शेअर आणि तिथलं प्रत्येक खातं नोंदवायचं, शिल्लक शून्य असली तरी. ते राहिलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.