काडतूस : हाताने भरलेले आणि फॅक्टरीचे

बाराबोरच्या काडतुसात पाच गोष्टी असतात : केस म्हणजे बाहेरचे नळकांडे, केसच्या बुडातली टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारी), दारू, दारू आणि छर्रे यांच्यामधला डाट, आणि छर्रे. रायफलच्या किंवा पिस्तुलाच्या काडतुसात डाट-छर्र्यांच्या जागी एकच गोळी. हे सगळे कारखान्यात यंत्राने बसवले की ते फॅक्टरीचे काडतूस. कुणी ते घरी बसून, बहुधा एकदा उडालेली केस पुन्हा वापरून, हाताने बसवले की ते भरलेले किंवा रीलोड केलेले काडतूस. नवी बंदूक घेणाऱ्याने यांतले कोणते वापरावे, हा प्रश्न जगभरच्या नेमबाजांत आणि शिकाऱ्यांत जुना आहे.

ग्वाल्हेरात हा प्रश्न दोन वाटांनी येतो. चंबळचा हा पट्टा परवान्याच्या बंदुकीसाठी ओळखला जातो. बँकेच्या दारातला रखवालदार असो की लग्नाला निघालेला गावकरी, खांद्यावरची दुनळी इथे कुणी वळून पाहत नाही. दुसरी वाट जुन्या मराठी घरांतली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास शहराचा 'लष्कर' हा जो भाग वसला, तिथल्या काही घरांत खंडेनवमीला तलवारीशेजारी आजोबांची बंदूक मांडली जाते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि कपाटातून एक पत्र्याचा डबाही निघतो. त्या डब्यातली काडतुसे कुणी भरली, केव्हा भरली, कशाने भरली, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. नातवाने नवी बंदूक घेतली की 'ही आहेतच की घरात' असे कुणीतरी सहज म्हणून जाते. या नोंदीचे मुख्य कारण तो डबा आहे.

ठासणीपासून काडतुसापर्यंत

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. दारू मापून नळीत ओतायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचे. कागदी काडतूस आले तेव्हा मापलेली दारू आणि गोळी एका पुडीत मिळू लागली; पुडी शिपायाने दाताने फाडायची. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची ती चरबी लावलेली पुडी आणि १८५७ यांचे नाते सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, जानेवारी १८५७ मध्येच सरकारने काडतुसे चरबीशिवाय देण्याचा आणि शिपायांनी आपल्या हाताने हवे ते वंगण लावावे असा हुकूम काढला होता. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. कागदाची चकाकीच लोकांना खुपू लागली. १४ जून १८५७ ला मुरार छावणीतली ग्वाल्हेर कंटिंजेंट, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने ठेवलेली इंग्रज अधिकाऱ्यांची फौज, उठली, तिच्या पाठीशी कारणे पुष्कळ होती. तरी काडतूस दुसऱ्याने बांधले आणि आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, ही अस्वस्थता त्यांतली एक होती. बंदूक चालवणाऱ्याला ती आजही ओळखीची वाटेल.

पुढे धातूची केस आणि मध्यावरची टोपी आली. १८६६ च्या आसपास टोपीचे दोन प्रकार रूढ झाले. इंग्रज एडवर्ड बॉक्सर याच्या प्रकारात केसच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, अमेरिकन हायरम बर्डन याच्या प्रकारात दोन बारीक भोके. उडालेली टोपी एका भोकातून सरळ सुई घालून काढता येते, दोन भोकांच्या केसमधून तशी निघत नाही. म्हणून घरी भरण्याचा छंद अमेरिकेत बॉक्सरच्या टोपीवर वाढला आणि बर्डनच्या केस बहुतेक ठिकाणी एकदा उडवून टाकून देण्याच्या झाल्या.

पितळी माप

लष्करातल्या एका घरात या लेखकाने भरणीची जुनी पेटी हातात घेऊन पाहिली आहे. आत लाकडी मुठीचे पितळी माप होते, केसचे तोंड वळवून बंद करायचे हातयंत्र होते, टोपी बसवायचा दट्ट्या होता. मापाच्या कडेला ड्रॅम या जुन्या इंग्रजी वजनाच्या खुणा कोरलेल्या आणि आतल्या बाजूला काळपट डाग, बोटाने पुसला तर हलकासा गंधकाचा वास. माप काळ्या दारूचे होते.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. काळी दारू मापाने भरत. बाराबोरला ३ ड्रॅम, म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम, हे नेहमीचे प्रमाण. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये रायफलीसाठी बिनधुराची दारू तयार केली आणि पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. तेच काम ती निम्म्याहून कमी वजनात करते. काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूने काठोकाठ भरले तर नळी फाटू शकते, आणि ती फाटते डाव्या हाताच्या बोटांजवळ. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या दमास्कस नळ्यांना तर साधे आधुनिक काडतूससुद्धा भारी पडू शकते. त्या नळीवरची लाटांसारखी नक्षी सुंदर दिसते. घरात ती पूजेपुरतीच ठेवावी.

बोरचा आकडाही त्याच काळातला. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात बसेल ती बाराबोर. नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीसबोरचे काडतूस बारीक असल्याने बाराबोरच्या नळीत घसरून पुढे अडकते, मागून बाराचे दुसरे काडतूसही बसते, आणि चाप ओढल्यावर दोन्ही एकदम जातात. म्हणून वीसबोरच्या केस पिवळ्या करतात. घरी भरलेल्या, रंग उडालेल्या केसवर ही खूण उरतेच असे नाही.

नव्या बंदुकीला फॅक्टरीचेच का

पहिले कारण अगदी व्यवहाराचे. नवी बंदूक अजून ओळखीची झालेली नसते. बार झाला नाही, केस अडकली, गोळी डावीकडे गेली, तर दोष बंदुकीचा की काडतुसाचा हे ठरवायला दोघांपैकी एक तरी खात्रीचे हवे. फॅक्टरीच्या खोक्यावर लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, असतो, दाब ठरलेल्या मर्यादेत असतो. भरलेल्या काडतुसाने सुरुवात केली तर दोन्ही बाजू अनोळखी.

दुसरे कारण कंपनीची हमी. बंदूक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्पष्ट लिहितात की भरलेले काडतूस वापरून नुकसान झाले तर हमी लागू होणार नाही. बंदूक कारखान्यातून निघण्याआधी तिची प्रूफ चाचणी होते, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळीवर शिक्का मारतात. ती चाचणी ठरलेल्या दाबाच्या काडतुसांसाठी असते. हाताने दोनदा दारू पडलेल्या काडतुसाला ती पुरत नाही. दारू पडलीच नाही तर संकट उलट्या बाजूने येते : टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्धी जाऊन अडकते, आवाज 'फुस्स' होतो, आणि घाईत कुणी दुसरा बार केला तर नळी जाते. फुस्स आवाज आला की थांबायचे, तोंड सुरक्षित दिशेला धरून बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचे.

तिसरे कारण ग्वाल्हेरची हवा. इथे जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत जातो. दारू तापली की दाब वाढतो. थंडीत बसून मर्यादेच्या काठावर भरलेले काडतूस उन्हात उभ्या गाडीत दोन तास राहिले तर ते तेच काडतूस राहत नाही. कारखाने ही वाढ धरूनच दारूचे प्रमाण ठरवतात.

कायदा

भारतात या निवडीचा बराचसा निकाल कायद्यानेच लावलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही येतात, आणि दारूगोळा बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. लष्करातली ती जुनी पेटी नुसती आठवण म्हणून ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारावे. काडतुसे किती घेता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची असतात.

देशी काडतुसांत पुण्याजवळच्या खडकीचे नाव जुने आहे. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. बाराबोरचे 'शक्तिमान' काडतूस तिथलेच. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. ग्वाल्हेरकडे रायफल म्हटली की बहुधा .३१५ बोर; हा आकडा मात्र इंचांतल्या व्यासाचा. इंग्रजी अमलात लष्करी बोर सामान्य लोकांना बंद होते, त्यातून हा बोर वाढला. काडतुसाचे मूळ ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मॅनलिकरचे.

लग्नात आनंदाचे बार उडवण्याची इथली सवय मात्र काडतूस फॅक्टरीचे असो की भरलेले, दोन्हींत घातक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले. ही तरतूद उशिराच आली.

भरणाऱ्यांची बाजू

जिथे कायदा परवानगी देतो तिथे हाताने भरणे हा गंभीर, शिस्तीचा उद्योग आहे, हे कबूल केले पाहिजे. रायफलीच्या काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळी केस, आणि ती अनेकदा वापरता येते. बंद पडलेल्या जुन्या बोरांना दुसरा उपायच नसतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजाला तर प्रत्येक गोळी सारख्या वेगाने हवी असते, आणि एकेक केस तोलून, मोजून भरणारा माणूस ते साधतो. मात्र असे लोकही नव्या रायफलीत आधी फॅक्टरीचीच काडतुसे उडवतात. पहिल्या बारात केस त्या रायफलीच्या खोबणीचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेचा, आकार घेते, आणि पुढची भरणी ते त्या केसवर करतात.

ऑलिंपिकच्या .२२ रायफलीत हा पर्यायच नाही. तिथे टोपीचा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो आणि चाप ओढल्यावर कड चेपली जाते, त्यामुळे केस पुन्हा भरण्याजोगी उरत नाही. मग नेमबाज लॉट निवडतात. रायफल शिकंज्यात बांधून ५० मीटरवर एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि सगळ्यात घट्ट भोक ज्या लॉटचे पडेल त्याच लॉटची पेट्यांवर पेट्या खरेदी करतात. या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणून एकाच कंपनीच्या दोन लॉटमधला फरकही पदक नेऊ शकतो. मध्य प्रदेशाच्याच दुसऱ्या टोकाला, महूला, सेनेचे मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधले पिस्तूल नेमबाजीतले रौप्यविजेते विजय कुमार तिथेच तयार झाले.

डब्यातली काडतुसे

भरलेले काडतूस ओळखायला भिंग लागत नाही. टोपीभोवती ओरखडे, टोपी कडेपेक्षा किंचित वर किंवा खोल, केसच्या तोंडाच्या पाकळ्यांवर दुसऱ्यांदा दुमडल्याच्या पांढुरक्या रेषा, एकाच डब्यात तीन कंपन्यांच्या केस. जुन्या कागदी केस पावसाळ्यात फुगतात आणि नळीत अर्ध्यावर अडतात. ढकलून बसवू नयेत. पितळेवर हिरवी पूड आली असेल तर दारूही धड राहिलेली नाही असेच धरावे.

अशी काडतुसे उडवून संपवू नयेत, खोलू नयेत, चुलीत किंवा विहिरीत टाकू नयेत. परवान्यासह आधी पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक विक्रेत्याला कळवावे आणि ते सांगतील तशी जमा करून पोच घ्यावी. नव्या बंदुकीसाठी नळीवर कोरलेला बोर आणि खोबणीची लांबी वाचून त्याच मापाचे बंद खोके घ्यावे, आणि बिल व लॉट नंबर असलेली खोक्याची पट्टी परवान्याच्या पाकिटात ठेवावी.